न हलणारा ठिपका

"आणि हे काय आहे?" मालकांनी पडद्यावर बोट टेकवून त्याला विचारलं. पडद्यावर दुकानाचा चौथा मजला पसरला होता. भिंती करड्या, मधले रस्ते पांढरे आणि त्यांवरून मुंग्यांसारखे इकडेतिकडे हिंडणारे ठिपके. खिडक्यांच्या पडद्यांपाशी ठिपक्यांची गर्दी, दिव्यांच्या विभागात जरा विरळ, सरकत्या जिन्यापाशी तर नुसती झुंबड. पण पार कोपऱ्यात, जिथे पलंग आणि गाद्या मांडल्या होत्या, तिथे एक ठिपका ठाम उभा होता. ढिम्म. "दर बुधवारी येतो," मालक म्हणाले, "तासन् तास हलत नाही, विकत काही घेत नाही. मी बघतोय ना कधीचा. चोर तरी असेल, नाहीतर शेजारच्या दुकानाचा हेर." मालक मनाने वाईट नव्हते, पण न हलणारी कुठलीही वस्तू दिसली, मग ती कपाटं असोत की माणसं, की त्यांना त्यात नुकसान दिसायचं. त्याने सवयीने ठिपक्यावर टिचकी मारली. शेजारी एक चौकोन उघडला आणि त्यात त्या फोनचा पत्ता उमटला. तो सगळा वाचायची गरजच नव्हती. शेवटची चार अक्षरं पुरेशी होती: सात, चार, बी, बी. माणूस आपलं जुनं घर जसं फाटकाच्या गंजावरून ओळखतो, तसा त्याने तो पत्ता ओळखला. तो फोन एकेकाळी त्याचाच होता. आता तो त्याच्या आईकडे होता, आणि आई बुधवारी दुपारी मावशीकडे जात असे.

तो या दुकानाचा मोजणीदार. पाटीवर त्याच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला मोजणीदारच म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं, कारण त्यात कुठे खोटं नव्हतं. छतात त्याने पांढरे डबे बसवून घेतले होते. माणसाच्या खिशात फोन असतो, आणि वायफाय चालू ठेवलेला फोन गप्प बसत नाही. दर थोड्या वेळाने तो हवेत हाक मारतो, आहे का इथे कुणी माझ्या ओळखीचं? आणि हाक मारताना आपला पत्ता सांगून बसतो. कारखान्यातून निघतानाच फोनवर कोरलेला, जन्मभराचा पत्ता. डबे ती हाक ऐकतात, तीन डब्यांनी ऐकली की हाक कुठून आली ते कळतं, आणि झाला ठिपका तयार. "नाव नाही, गाव नाही, फक्त पत्ता," असं तो प्रत्येक बैठकीत सांगायचा. "आपल्याला माणूस कोण ते कळतच नाही." हे वाक्य तो इतक्या वेळा आणि इतक्या सहज बोलला होता की ते खरं आहे की नाही हे तपासायची वेळच आली नव्हती. त्यातून अलीकडचे फोन बिलंदर झाले होते. ते हाक मारताना दर वेळी नवाच बनावट पत्ता सांगायचे. एकच माणूस मग डब्यांना नऊ माणसांसारखा वाटायचा, आणि मालकांचे आकडे फुगून निरुपयोगी व्हायचे. ऑफिसात अशा फोनना 'कच्चे' म्हणत. जुने, प्रामाणिक, जन्माचा पत्ता सांगत फिरणारे फोन ते 'पक्के'. आणि आईचा फोन पक्क्यांतला पक्का होता, कारण डबे बसवताना चाचणीसाठी त्याने तोच वापरला होता. पत्ता बदलायला लागू नये म्हणून त्याची नवी आवृत्ती मुद्दाम घेतली नव्हती. महिनोन् महिने तो हा फोन घेऊन मजल्यामजल्यांवर फिरला होता आणि पडद्यावर स्वतःला फिरताना बघत होता. पुढे स्वतःला नवा घेतला तेव्हा जुना पुसूनपासून आईला दिला. नवी आवृत्ती टाकून बनावट पत्त्याचं बटण चालू करायचं तेवढं राहून गेलं.

"रखवालदाराला पाठवतो," मालक म्हणाले. "नको," तो म्हणाला, आणि ते जरा जास्तच मोठ्याने निघालं. "म्हणजे, मी बघून येतो ना. यंत्राचाच घोळ असेल." एवढं बोलून तो उठलासुद्धा होता.

सरकता जिना त्याला वर नेत होता, आणि तो त्यावर नुसता उभा होता, घाई असूनही. आई इथे काय करते? गाद्यांत? बरं वाटत नसेल, बसली असेल कुठे धाप लागून. पण दर बुधवारी? की कुणाला भेटते? या विचाराने त्याला आधी धक्का बसला, मग धक्का बसल्याची लाज वाटली, आणि मग एकदम हसूच आलं, की भेटेना का, पण गाद्यांच्या विभागात? समोर एक बाई खांद्यावर गुंडाळलेला गालिचा घेऊन उभी होती, गालिच्याचं टोक त्याच्या नाकाला लागत होतं, नव्या लोकरीचा वास येत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की आई कुठे असते हा प्रश्न आपल्याला आयुष्यात कधी पडलाच नाही. लहानपणी पडायचा, पण त्याचं उत्तर नेहमी एकच असायचं. आई झोपली आहे. आई मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती, आणि तिने जवळजवळ सगळी नोकरी रात्रपाळीत काढली. सकाळी यायची, अंगाला औषधांचा वास, आणि त्याला शाळेत पाठवून आडवी व्हायची. तो परतायचा तेव्हा खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि बाबा तोंडावर बोट ठेवून बसलेले असायचे. त्याला ते दार सहन व्हायचं नाही. तो पाय न वाजवता आत जायचा, तिच्या उशाशी बसायचा, आणि दोन बोटांनी हलकेच तिची पापणी वर उचलायचा. आत आहेस का, आई? पापणीखाली डोळा आधी कुठेतरी लांब असायचा, मग हळूहळू जवळ यायचा, त्याच्यावर येऊन थांबायचा, आणि ती म्हणायची, "आहे रे बाबा, आहे. काय हवं?" ती कधी रागावली नाही. आणि त्यानंतर तिला कधी पुन्हा झोप लागली असेल का, हेही त्याला आज पहिल्यांदाच सुचत होतं, इथे, गालिच्याचं टोक चुकवताना.

गाद्यांचा विभाग दुकानातला सगळ्यात शांत. गाद्या आवाज पिऊन टाकतात. माणसं तिथे आपोआप हळू बोलतात, जोडे न वाजवता चालतात. खिडकीपाशी, जरा आडोशाला, एक रुंद पलंग होता आणि त्यावर त्याची आई झोपली होती. पलंगाखाली तिच्या चपला, एकीवर एक, नीट. पोटावर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. फोन पिशवीत असणार, जगाला ओरडून सांगत, इथे आहे, इथे आहे. तो दोन पावलं पुढे झाला तोच एका गोऱ्या, लठ्ठ, गळ्यात मोजपट्टी अडकवलेल्या विक्रेत्याने त्याला कोपराला धरून बाजूला घेतलं.

"हळू, साहेब," गादीवाला कुजबुजला. "बाई झोपल्यात."

"दिसतंय. पण कोण आहेत या?"

"कुणास ठाऊक. विचारलं नाही कधी. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, गादी बघायची आहे. म्हटलं, पडून बघा. पडल्या आणि गेल्या की एकदम तळाला! मी म्हटलं आता उठवू, मग उठवू. तेवढ्यात एक जोडपं आलं. ती बायको बघत राहिली, बघत राहिली, आणि नवऱ्याला म्हणाली, मला हीच गादी पाहिजे, जिच्यावर त्या झोपल्यात ती." गादीवाल्याचे खांदे हसण्याने गदगदत होते. "तेव्हापासून बुधवार म्हणजे माझा सोन्याचा दिवस. नावसुद्धा विचारत नाही मी, न जाणो, लाजून यायच्या बंद झाल्या तर! वरून काही तक्रार आहे का?"

"नाही, नाही," तो म्हणाला. "तक्रार कसली."

"मग झोपू दे ना बिचारीला."

तो एका उघड्या कपाटाआड उभा राहिला. खिडकीतून दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं आणि आईचे तळवे त्यात होते. तिचं तोंड जरासं उघडं होतं. कपाळावरची ती कायमची उभी आठी, जी तो तिच्या चेहऱ्याचाच भाग समजत आला होता, ती तिथे नव्हती. दोन लहान मुलं पलंगांमधून धावत गेली, एकाने उशी फेकली, ती धप्पकन पडली, आणि आई हलली नाही. घरी शेजारच्या खोलीत नुसता पेला ठेवला तरी ती "काय पडलं?" म्हणून उठून बसायची. ही बाई त्याला माहीतच नव्हती. ही कुणाची आई नव्हती, कुणाची सासू नव्हती, हिच्याकडे कुणाचा ताप मोजायचं काम नव्हतं. एक दमलेली आणि आता अजिबात न दमलेली बाई एका अनोळखी पलंगावर दिवसाढवळ्या डाराडूर झोपली होती, आणि शंभर माणसं तिच्या आजूबाजूने वाट काढत जात होती. त्याला वाटलं, आपण इथे उभं राहणं म्हणजे पुन्हा पापणी उचलणंच आहे. आणि तो वळला. वळताना त्याच्या छातीत काहीतरी इतकं हलकं झालं की सरकत्या जिन्यावर तो शीळ घालायला लागला, आणि खालून येणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"काही नाही," त्याने मालकांना सांगितलं. "गिऱ्हाईक आहे. गादी तपासतंय."

"इतका वेळ?"

"गादीच ती, साहेब. उभ्याउभ्या कशी तपासणार?"

मालकांना हसावं की नाही ते कळेना. मग ते कामाच्या गोष्टीवर आले. असं कर म्हणाले, जो ठिपका अर्धा तास हलणार नाही त्याच्यासाठी गजर लाव, रखवालदाराच्या फोनवर सरळ वाजला पाहिजे. एरवी त्याने मान डोलावली असती. काम अवघड नव्हतं, संध्याकाळपर्यंत झालं असतं. त्याने स्वतःचा आवाज ऐकला तो असा: "तो गजर मी नाही लावणार." मालकांच्या भुवया वर गेल्या. तो घाबरला, चांगलाच घाबरला, पण शब्द येतच राहिले. "किती माणसं कुठल्या मजल्यावर आहेत ते तुम्हाला सांगतो. जिना कुठे अपुरा पडतो ते सांगतो. पण एकच माणूस धरून त्याचा बुधवार मोजायचा, हे नको. आपण बाहेर पाटी लावलीय, कुणाची ओळख पटत नाही म्हणून. मला आज ओळख पटली, साहेब." "कोण होतं?" त्यांनी विचारलं. "ते सांगितलं तर मग काय उरलं?" तो म्हणाला. मालकांनी टेबलावर दोनदा पेन वाजवलं, आणि त्यांना काय आठवलं कुणास ठाऊक, हळूच म्हणाले, "मीसुद्धा कधीकधी दुपारी खाली गाडीत जाऊन बसतो. नुसताच. ते दिसतं का रे तुझ्या यात?" तो म्हणाला, "दिसतं." मालक एकदम लाल झाले. "राहू दे मग तो गजर," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःचा फोन त्याच्यापुढे सरकवला. "आणि हे कच्चं का काय म्हणतोस, ते माझ्यावर कुठून करायचं?"

संध्याकाळी आई त्याच्या आधी घरी आली होती. चेहरा धुतल्यासारखा, आवाज खणखणीत. ती बटाटे सोलत होती आणि त्याची मुलगी, जिला सगळे ठकी म्हणत, समोर बसून सालांची गोगलगाय करत होती. "मावशी कशा आहेत?" त्याच्या बायकोने दवाखान्यातून आल्याआल्या विचारलं. बायको दातांची डॉक्टर, दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावून घरी आली की तिलाच बोलायचं असायचं. "बरी आहे," आई म्हणाली, सुरी न थांबवता. "गुडघा दुखतो म्हणत होती." तो गुडघा ऐकून त्याला इतकं कौतुक वाटलं! नुसतं 'बरी आहे'वर भागलं असतं, पण नाही, वर एक गुडघा. थापेलासुद्धा तिने नीट पट्टी बांधून दिली होती.

"आई, तुझा फोन दे जरा," तो म्हणाला. "नवीन आवृत्ती टाकायची राहिलीय."

"माझं काही पुसू नकोस हं."

"नाही पुसत."

फोन बराच वेळ गुरगुरत बसला. तो टेबलाशी बसला, ठकी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघायला लागली, आणि तिने विचारलं म्हणून त्याने सांगितलं. की फोन सारखा हाका मारत असतो, आणि कोण हाक मारतंय तेही सांगत असतो. हे बटण चालू केलं की तो दर वेळी वेगळंच सोंग घेतो. मग ऐकणाऱ्याला वाटतं, आत्ताचा कुणी वेगळा होता, मघाचा वेगळा.

"म्हणजे फोन खोटं बोलणार?" ठकीने विचारलं.

"परक्यांशी. घरातल्या वायफायला तो बरोबर कळतो."

"मग खोटं बोललं तर चालतं?"

आईची सुरी थांबली. बटाट्याचं साल अर्धवट लोंबत राहिलं. तिने वर पाहिलं, ठकीकडे नव्हे, त्याच्याकडे. रुग्णालयात इतकी वर्षं माणसांचे चेहरे वाचलेली ती बाई. तो फोनकडे बघत राहिला आणि त्याचे कान तापले, आणि तेवढंच तिला पुरलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

"आजच कळलं."

"आला होतास तिथे?"

"हो."

बायको एकदा याच्याकडे, एकदा आईकडे बघायला लागली. "कुठे? काय कळलं?" मग आई म्हणाली, इतक्या हळू की ठकीनेही त्याच्या खांद्यावरची हनुवटी उचलली, "मग उठवलं का नाहीस?"

त्याला भरून आलं होतं आणि हसूही येत होतं. आईनेच मग बायकोला सगळं सांगून टाकलं, बटाटे सोलता सोलता, जणू कुणा दुसऱ्याची हकीकत. "घरात मला कुणी त्रास देतं असं नाही गं. तुम्ही सगळे पाय न वाजवता चालता. पण घरात पडलं की माझे कान जागे राहतात. ठकी खोकली का, दूध उतू गेलं का, तू आलीस का. नोकरी सुटली, पण कानांची पाळी काही सुटली नाही. एकदा याच्या दुकानात गादीवर सहज पडून बघितलं. आजूबाजूला एवढी माणसं, आणि त्यातलं एकही माझं नाही. कुणी पडलं तरी उचलायला दुसरं कुणी जाईल. तर कानसुद्धा झोपले, बाई." बायको उठली आणि काही न बोलता तिने आईच्या हातातली सुरी काढून घेतली. "तीच गादी आणू या का घरी?" तिने विचारलं. आई घाबरलीच. "नको नको! गादीत काही नाहीये!" आणि मग चौघंही हसली, ठकी सगळ्यात जास्त, तिला नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं तरी.

फोन एकदाचा सुरू झाला. त्याने ते बटण शोधलं आणि चालू केलं. त्यावर बोट ठेवताना त्याला वाटलं होतं, आपण काहीतरी हरवतोय. वर्षानुवर्षं ओळखीचा तो पत्ता आता कुठल्याच डब्याला ऐकू येणार नव्हता. पण हरवल्याचं दुःख व्हायची वाट बघत तो बसला आणि ते काही येईना. उलट लहानपणी पतंग कटला की जसं एक क्षण हातातली दोरी हलकी व्हायची आणि आपण सगळं विसरून वर बघत राहायचो, तसं काहीतरी झालं. "घे," तो आईला म्हणाला. "आता तू कुठे आहेस ते मलासुद्धा दिसणार नाही." आईने फोन पदराला पुसला, उलटसुलट करून पाहिला. "दिसतोय तर तसाच," ती म्हणाली.

पुढच्या बुधवारी त्याने चौथा मजला उघडला नाही असं म्हणणं खोटं होईल. उघडला. खिडकीपाशी क्षणभर एक ठिपका चमकला आणि विझला, मग पडद्यांपाशी एक, मग जिन्यापाशी दोन. यांतली कोण ती? सगळ्याच, किंवा एकही नाही. पडदाभर कच्चे ठिपके काजव्यांसारखे लुकलुकत होते, आणि त्याला पहिल्यांदाच ती गर्दी माणसांची वाटली, प्रत्येकाच्या पोटात एकेक दुपार घेऊन हिंडणारी. मालक मागे येऊन उभे राहिले. "काही कळत नाही आता यातून," ते म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही. "गर्दी कळते," तो म्हणाला. "जिना अरुंद आहे, एवढं नक्की कळतं." मग टेबलावरचा फोन वाजला; गादीवाला होता, आवाज रडवेला. "साहेब, त्या बाई आज आल्याच नाहीत हो. काही माहीत आहे का तुम्हाला?" तो उठून उभा राहिला. आईला फोन लावावा म्हणून त्याने हात खिशात घातला, तसाच थोडा वेळ ठेवला, आणि रिकामाच बाहेर काढला. "नाही," तो म्हणाला. "मला काहीच माहीत नाही." आणि हे वाक्य त्याला इतकं चविष्ट लागलं की त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं.

आई त्या दिवशी दिवेलागणीनंतर आली. सगळे जेवायला बसायच्या बेतात होते. तिच्या चपलांना लाल माती होती. वेणी अर्धी सुटलेली, केसांत गवताची एक काडी, नाकाचा शेंडा उन्हाने लालबुंद, आणि हातात कुठल्याशा पिवळ्या फुलांची एक फांदी, विकत घेतलेली नव्हे, तोडलेली. ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. हात धुऊन ती पानावर बसली आणि कुस्ती खेळून आलेल्या माणसासारखी जेवायला लागली. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने ओठ आत ओढून घेतले होते. शेजारच्या गावातसुद्धा अशी लाल माती नाही, हे दोघांनाही माहीत होतं. ठकीने तोंड उघडलं, तोच त्याने त्यात बटाट्याची एक मोठी फोड सारली. "आज ऊन फार होतं," तो म्हणाला. "फारच," बायको म्हणाली. "पंखा आवाज करतोय," तो म्हणाला. "तेल घालायला हवं," बायको म्हणाली. ठकी फुगलेल्या गालांनी आजीच्या केसांतल्या काडीकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आई शांतपणे जेवत होती. मग ती जरा हळू जेवायला लागली. मग तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी तिने हातातला घास पानात ठेवला.

"अरे, तुमच्यापैकी कुणी विचारणार आहे की नाही?"

"कुठे गेली होतीस?" तिघांच्याही तोंडून एकदम बाहेर पडलं, ठकीच्या तोंडून तर बटाट्यासकट.

आईने सगळ्यांना नीट बघून घेतलं. कपाळावर आठी नव्हती.

"नाही सांगणार," ती म्हणाली, आणि इतकी खदखदून हसली की वेणी होती नव्हती तेवढीही सुटली. "वाढ गं अजून थोडा भात."